पंपाची वर्गणी

ताज्या स्कोनचा वास आला की मला अजून मळमळतं. स्कोन म्हणजे आयर्लंडमध्ये चहाबरोबर खातात तो जाडसर बन. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, दोष माझ्या तेव्हाच्या शेजाऱ्यांचा.

२०१२ साली आम्ही डब्लिनजवळच्या नास गावाबाहेर, बिल्डरने अर्धवट टाकलेल्या एका एस्टेटमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, राहत होतो. बिल्डरचं दिवाळं निघालेलं, आणि काम पुरं झाल्याशिवाय कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, रस्ते-गटारं ताब्यात घ्यायला तयार नाही. रस्त्यावर शेवटचा डांबराचा थर नव्हता, मॅनहोलची झाकणं चार बोटं वर आलेली. सगळ्या घरांचं मैलापाणी उतारावरून खालच्या कोपऱ्यात जमायचं आणि तिथून पंपाने वर मोठ्या गटारात ढकलावं लागायचं. त्या पंपाची वीज आणि दुरुस्ती यासाठी आम्ही घरटी वर्गणी काढायचो. ती पुढे चालू ठेवायची की नाही हे दरवर्षी सभेत हात वर करून ठरायचं.

उताराच्या अगदी तळाशी, पंपाला लागून, सत्तरी ओलांडलेली एक विधवा बाई एकटी राहायची. नवऱ्यामागे शेतावरचं घर विकून सगळी पुंजी तिने या घरात घातली होती. मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला गॉलवेला, पण तिच्याकडे जायचं नाव नाही. "मला इथून न्यायचं तर शवपेटीत घालूनच न्या," असं ती हसत सांगायची. पंप थांबला तर घाण पहिल्यांदा तिच्याच बाथरूममध्ये चढणार, हे एस्टेटमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्या वसंतात माझे बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. आई गेल्यापासून एकटेच होते. मी दिवसभर हॉस्पिटलात, नवरा डब्लिनला, त्यामुळे बाबांना सोबत मिळाली ती या बाईची. रोज सकाळी दोघं एस्टेटभर फेरी मारत, खिडक्या न बसवलेल्या घरांकडे बोट दाखवून आपापल्या परीने बिल्डरला शिव्या घालत. तिचे उच्चार बाबांना निम्मेच कळायचे, पण शिव्या सगळ्या कळायच्या.

वर्गणी निम्म्या घरांनी भरलेलीच नाही, हे बाबांना तिच्याकडूनच कळलं. बाबा पुण्यात आमच्या सोसायटीचे कितीतरी वर्षं सेक्रेटरी होते. थकबाकीदारांचा कागद नोटीस बोर्डावर लावायचा, ही त्यांच्या दृष्टीने दिवाबत्तीइतकी साधी गोष्ट. पैसे घेऊन कुणी दारात आलं की बाबा जेवणाच्या ताटावरून उठून, लाल पेन घेऊन खाली जात आणि त्याचं नाव खोडून येत. "अहो, जेवून जा की," आई म्हणायची. "त्याचं नाव तिथे उगाच कशाला राहू द्यायचं?" बाबा म्हणायचे.

तर बाबांनी माझ्या लॅपटॉपवर वर्गणी न भरलेल्या घरांचे नंबर टाइप केले आणि कागद एस्टेटच्या फाटकाशी खांबावर चिकटवला. मी संध्याकाळी ड्युटीवरून आले तर फाटकाशी चार बायका उभ्या. मला बघून त्या हवापाण्याबद्दल बोलायला लागल्या. मी कागद फाडून काढला आणि घरोघर जाऊन माफी मागितली. प्रत्येक दारात तेच: "अगं, काही नाही गं, ग्रँड, ग्रँड!" म्हणजे तिकडचं 'ठीक आहे', आणि दार बंद. तिथली माणसं रागावली की जास्तच गोड बोलतात, हे मला तोवर कळून चुकलं होतं.

त्याच सुमाराला सरकारने घरटी शंभर युरोंचा नवा कर आणला. अर्धवट एस्टेटींना त्यातून सूट होती, आणि सरकारी यादीत आमचा नंबर लागला. लोकांना काय आनंद झाला म्हणून सांगू! आपण गटारावर राहतो हे सरकारने लिहून दिलं, याचा आनंद.

सभेत दोन गाड्या बाळगणारा एक शेजारी उभा राहिला. "सरकारच म्हणतंय की आपण कर द्यायला नको. मग ही वर्गणी तरी का? पंप थांबला तर कौन्सिलला झक मारत यावं लागेल." मग छताकडे बघत म्हणाला, "आणि फाटकावर नोटिसा लावणं ही काही आपल्याकडची पद्धत नाही." सगळे हसले. वर्गणीच्या बाजूने थोडेच हात वर झाले. पहिल्या रांगेतला म्हातारीचा हात सगळे हात खाली गेले तरी वरच होता.

परतताना बाबा म्हणाले, "माझ्या कागदामुळे झालं का गं हे?"

"नाही हो बाबा," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं.

बिल थकलं, पंपाची वीज तुटली. कौन्सिल आली नाही. एका रविवारी सकाळी म्हातारी गाऊनवर कोट घालून आमच्या दारात आली. मी आणि बाबा हातमोजे, बादल्या घेऊन धावलो. संडासातून, बाथरूमच्या जाळीतून मैलापाणी वर येऊन हॉलच्या गालिच्यापर्यंत पसरलं होतं. वर्गणी भरणाऱ्यांचं, न भरणाऱ्यांचं, सगळ्यांचं. ती एकटी राहायची हो, एकटी. बाबा गुडघ्यांवर बसून ते सुपडीने भरत होते, मी बादल्या बाहेर नेत होते.

आणि मग शेजारी आले. नाकाला रुमाल लावून उंबऱ्याबाहेर उभे. "भयंकर, भयंकर," म्हणत. प्रत्येकाच्या हातात कापडाखाली गरम स्कोन. दोन गाड्यावाल्याने तर मोठा ट्रेच आणला. पंपाला एक पैसा न देणारी ही माणसं भल्या सकाळी ओव्हन पेटवून बसली होती.

दुपारी गॉलवेहून मुलगी आली आणि आईला घेऊन गेली. बाबांनी गाडीचं दार धरलं होतं. म्हातारी त्यांना बराच वेळ काहीतरी सांगत होती. बाबांना कळलं नाही, तरी ते मान हलवत राहिले. ती परत आली नाही.

वास घरांच्या दुसऱ्या रांगेपर्यंत चढला तशी पुन्हा सभा भरली. वर्गणी एकमताने मंजूर! पैसे तिथल्या तिथे जमा झाले. मग तोच दोन गाड्यावाला म्हणाला, "खालचं घर बंद असलं तरी त्यांच्याकडूनही घ्यायला हवेत, नाही का? पंपाचा सगळ्यांत जास्त फायदा तर त्यांनाच." आणि माना डोलल्या. चांगल्या, सभ्य, चर्चला जाणाऱ्या माना.

"लाज नाही वाटत तुम्हाला?" मी ओरडले. कुणीतरी खोकलं. कुणीतरी किटली लावली.

मी तरातरा घरी आले. आधीच्या सभेत ज्यांनी हात वर केला नव्हता त्या घरांचे नंबर टाइप केले, कागद छापला आणि चिकटपट्टी घेऊन फाटकाशी गेले. बाबा धापा टाकत मागे आले. अजून स्वच्छ उजेड होता. त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला.

"हे कशाला?"

"कळू दे सगळ्यांना."

"अगं, हा कागद लावायचा तो पैसे भरले की नाव खोडता यावं म्हणून," बाबा म्हणाले. "यांनी पैसे तर भरले. आता यांचे नंबर तू कशाने खोडणार?"

मी त्यांच्या हातातून कागद परत घेतला. आणि खांबावर लावला.