दहानं भागलेला सीआरपी

आमच्या घरात माझ्या बोलण्याला भागाकार लावायची पद्धत होती. ती दादानं पाडली. लहानपणी बांधावर मी चाळीस फुटी साप पाहिला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "दहानं भाग." चार फूट निघाला. खरं तर तीनच होता, पण तेवढं माणसाला सोडावं. पुढं मी जेऊर स्टेशनात शिंकलो आणि सुटलेली गाडी थांबली, दुधनीच्या बाजारात एका मिरचीनं सात बैल रडवले, असलं काही निघालं की घर एका सुरात ओरडायचं, "दहानं भाग!" वहिनी लग्न होऊन आल्या आणि आठवड्यात शिकल्या.

गेल्या हिवाळ्यात दादाला विषाणूचा न्यूमोनिया झाला. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात ठेवला. दोन दिवस वहिनी तिथल्या बाकड्यावर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चहा मागितला, म्हणून मीच त्यांना दुधनीला घरी धाडलं. म्हशींचं बघायचं होतं, जरा झोपही हवी होती.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी पेनानं दोन आकड्यांना गोल केला.

"हा सीआरपी. शरीरात सूज किती भडकलीय ते यावरून कळतं. दहाच्या आत पाहिजे, यांचा एकशे अठ्ठेचाळीस आहे. आणि या लिम्फोसाइट, लढणाऱ्या पेशी. शंभरात वीसच्या वर पाहिजेत, सहाच राहिल्यात. चहा मागितला त्यावर जाऊ नका. घरच्यांना बोलावून घ्या."

मी तिथूनच फोन लावला. "वहिनी, आत्ताच्या आत्ता निघा. सीआरपी एकशे अठ्ठेचाळीस आलाय."

"किती पायजे असतो?"

"दहाच्या आत."

पलीकडं त्या भागत होत्या.

"मंजी चौदा-पंधरा. जरासाच वर हाय की."

"भागू नका वहिनी, कागदावरचं वाचतोय."

"तुमचा साप बी डोळ्यानं बघितलेलाच हुता की. आनि काय हाय?"

"लिम्फोसाइट सहावर आल्यात."

"उतरल्यात व्हय? बरं झालं की मग!" त्या हसल्या. "भावजी, आत्ता कुटं पाठ टेकलीया. उद्या सकाळच्या गाडीनं येते. त्यास्नी सांगा, बाजरीची भाकरी आनते म्हणून."

परत लावला, रात्रीही लावला, पण फोन लागला नाही. पहिल्याच वेळी तो डॉक्टरबाईंच्या हातात द्यायला हवा होता. त्या शेजारीच उभ्या होत्या. शिंकेनं रेल्वे थांबवणाऱ्याला एवढं सुचलं नाही.

संध्याकाळी त्याचा श्वास वाढला. पहाटे दादा गेला. वहिनी नऊ वाजता डबा घेऊन आल्या. मी डबा हातात घेतला. गरम होता. तो कुठं ठेवला ते आठवत नाही.

तेरावा झाल्यावर त्या चुलीपुढं बसल्या होत्या. पिठात हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "माजं नाव काडलं का हो त्यांनी?"

त्या रात्री दादाच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता. तो काहीच बोलला नव्हता.

"तीनदा," मी म्हणालो.

आणि थांबलो. भागाकाराची वाट बघत.

"तीनदा," त्या म्हणाल्या. मग पिठात पाणी घातलं. "तीनदा काडलं."