डब्याचा निर्जळी उपास

आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी माझ्या घरी चहा पीत होतो. तिच्या घरी मला वर्षभरात चहा मिळालाच नव्हता... आणि त्याला कारण मीच.

माझी ही थोरली बहीण जिंतुरात आमच्याच गल्लीत एकटी राहायची. येलदरीच्या शाळेत जन्मभर पोरांचे पाढे पाठ करून घेतले आणि म्हातारपणी स्मृतिभ्रंशाने स्वतःच शेगडीवरचं दूध विसरायला लागली. तिसरं पातेलं जळालं तेव्हा तिच्या पुण्याच्या मुलाने, माझ्या भाच्याने, बजावलं की आणखी एकदा असं झालं तर आईला पुण्याला नेणार. आक्काला घर सोडायचं नव्हतं. शेवटचा उपाय म्हणून त्याने एक बोलणारा डबा बसवला. शेगडी फार वेळ चालू राहिली की त्यातून एक बाई गोड आवाजात सांगायची, कृपया शेगडी बंद करा.

झालं भलतंच. बाई बोलली म्हणजे पाहुणी आली, आणि पाहुणीला बिनचहाचं कसं धाडायचं? आक्का लगेच दुसऱ्या बाजूला आधण ठेवायची. डबा पुन्हा बोलला की आणखी एक कप वाढवायची. एकदा मी गेलो तर डब्यापुढे चार कप मांडलेले. रोगापेक्षा इलाज भयंकर!

आत्ताच घेऊन आलो म्हटलं तरी आमच्याकडे अर्धा कप चुकत नाही. सुटका एकच. मी डब्यात माझा आवाज भरला, "आक्का, माझा निर्जळी उपास हाय. चहा ठेवू नको, शेगडी बंद कर." दुसऱ्याचा उपास मोडायचं पाप आक्का कशाला घेईल? ती निमूट शेगडी बंद करायला लागली. पातेली वाचली, पुणं टळलं. फक्त मी खराखुरा गेलो तरी ती पाणीसुद्धा विचारेना. भाऊ लय देवभोळा झालाय, असं गल्लीभर सांगायची. मी एकही एकादशी धड न पाळलेला माणूस.

पुढे ती माझं नावही विसरली. जायच्या आठवडाभर आधी मात्र कप घेऊन माझ्यापुढे आली. "किती उपास करायलास रे बाबा? लय वाळलास. माझ्यासाठी सोड आज." मला रडू आवरेना. चहात पत्तीच नव्हती, नुसतं गोड गरम पाणी. सगळं प्यालो. तेवढ्यात आतून डबा माझ्याच आवाजात उपास सांगायला लागला. आक्काने रिकाम्या कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आता कशाला खोटं बोलायलास?" म्हणाली, आणि शेगडी बंद करून आली.

आक्का तिच्याच घरात, तिच्याच खाटेवर गेली. भाचा म्हणतो, मामा, तो डबा काढून टाकू. मी अजून हो म्हटलेलं नाही. दुपारी जातो, आधण ठेवतो आणि मुद्दाम उठत नाही. डबा माझ्या आवाजात आक्काला हाक मारतो. मग मी जाऊन शेगडी बंद करतो.