गोराईतला खोटा ग्लास

बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि मुलुंडहून बोरिवलीची बस पकडली. बाटली बर्बनची होती (मक्यापासून केलेली अमेरिकी व्हिस्की). "काका, लिमिटेड एडिशन. परत येणार नाही हा माल," असं म्हणत घाटकोपरच्या दुकानदाराने ती माझ्या गळ्यात मारली. लिमिटेड आणि तरी खिशाला परवडणारी, म्हणजे संशयच यायला हवा. पण नवी बाटली दिसली की ती गोराईच्या माझ्या मित्राकडे, आग्नेलकडे न्यायची, ही आमची जुनी सवय.

आग्नेल अंधेरीच्या एका अत्तराच्या कारखान्यात नाकावर पोट भरायचा. मागे ताप आला आणि उतरताना वास घेऊन गेला. आता सोमवारी कारखान्यात त्याच्या नाकाची परीक्षा होती, नोकरी त्यावरच टिकायची होती. "येतंय रे थोडं थोडं," असं तो फोनवर म्हणाला होता. ते खरं असावं म्हणून मी दिंडोशीला रखडलेल्या बसमध्येही देवाला विनवत बसलो. एरवी मी फारसा देवाच्या वाटेला जात नाही.

गोराईच्या खाडीला ओहोटी होती. लाँच सुटली तसा चिखलाचा आणि सुक्या मासळीचा भपकारा आला आणि मी नाक दाबलं. शेजारी टोपली घेऊन बसलेली कोळीण म्हणाली, "नाक कशाला दाबता? उतरेपर्यंत होईल सवय." मी हात खाली घेतला. या वासासाठी आग्नेलने काय वाटेल ते दिलं असतं.

त्याची बायको रोझी फुगे तळत होती (मैद्याचे गोल, फुगीर पाव). अंगणात दुधाचं पातेलं उपडं घातलेलं, बूड करपून काळं झालेलं. "हा घरात होता," रोझी हळूच म्हणाली. "मी फक्त मिठाला गेले होते."

आमचा एक नियम आहे, आग्नेलनेच काढलेला. दोन ग्लास, वर बशा. एकात नवी बाटली, दुसऱ्यात त्याच रंगाचा गार, कोरा चहा. तो खोटा ग्लास, माझ्यासारख्या थापाड्यांना पकडायला. आधी वास घ्यायचा, मत द्यायचं, मग घोट. चुकेल त्याने ग्लास धुवायचे. त्या दिवशी बर्बन आहे एवढं सांगून ग्लास मी भरले.

आग्नेलने डावीकडची बशी उचलली, डोळे मिटले. बराच वेळ नाक ग्लासात होतं.

"व्हॅनिला," तो म्हणाला. "भाजलेलं कणीस. मागून जुनं लाकूड, देवळातल्या बाकांसारखं. मस्त आहे रे. दहापैकी आठ." (त्याचं देऊळ म्हणजे चर्च.)

डावीकडे चहा होता.

रोझी झारा हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"बरोबर," मी म्हणालो. "आठच."

त्याने घोट घेतला. चहा घसा जाळत नाही, एवढं कळायला नाक लागत नाही. तो घोट त्याने तोंडात तसाच धरून ठेवला, मग गिळला.

"तू पण ना, यार," एवढंच म्हणाला आणि दोन्ही ग्लास उचलून मोरीकडे गेला. दुसऱ्यातली बर्बन कुणी न चाखताच वाहून गेली. रोझी म्हणाली, "राहू दे, मी धुते."

"हरलो तर मीच धुणार," तो म्हणाला.

नंतर आम्ही फुगे खाल्ले. रोझीने विचारलेल्या प्रश्नांना मीच उत्तरं देत राहिलो. निघताना आग्नेलने बाटली टॉवेलात नीट गुंडाळून माझ्या पिशवीत परत ठेवली. दरवेळी धक्क्यापर्यंत सोडायला येणारा माणूस दारातच थांबला. परतीच्या लाँचमध्ये मी नाक दाबलं नाही, पण त्याने कुणाचं काय भलं होणार होतं?

घरी येऊन बाटलीतली थोडी ओतली. व्हॅनिला होता. भाजलेलं कणीस होतं. मागून जुनं लाकूड आलं, अगदी देवळातल्या बाकांचं. आयुष्यभर हुंगलेलं सगळं त्याने आठवणीतून सांगितलं होतं आणि एक शब्दही चुकला नव्हता. आठच द्यावेत अशी बाटली.

हे त्याला सांगायला मी फोन उचलला. मग ठेवून दिला. माझं 'बरोबर' आता तो कशाला खरं मानेल?