गिरणीमागच्या खोलीतलं आठवं गाणं

हे गेले तेव्हा त्यांच्या तिसऱ्या अल्बमची सात गाणी पुरी झाली होती आणि आठवं अर्धं राहिलं होतं. अर्धं म्हणजे अगदी निम्मं. ह्यांचा भाग रेकॉर्ड झालेला, भाऊजींचा राहिलेला.

भाऊजी नात्यानं आमचे कोणी नव्हेत. ते ह्यांचे मित्र. दोघं बोरी अरबच्या एकाच वस्तीतले, शाळेत एकाच बाकावरचे, आणि पुढे पंचवीसेक वर्षं एकाच मंचावरचे. दोघं मिळून रॅप करायचे. कॉलेजात हे सांगितलं की माझ्या सहकारी प्राध्यापकांना हसू यायचं. त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं, ह्यांनाही यायचं. दिवसा यवतमाळच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघणारा माणूस रविवारी दारव्ह्याची एसटी पकडून बोरीला जातो आणि तिथल्या पिठाच्या गिरणीवाल्याबरोबर तोंडाला फेस येईस्तोवर यमकं जुळवतो, हे ऐकायला गमतीचं आहेच.

त्यांनी सुरुवात केली तेव्हा या प्रकाराला आमच्याकडे नाव नव्हतं. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात भीमगीतं म्हणणारी पार्टी चहाला उठली की हे दोघं मंचावर चढायचे. लोक म्हणायचे, "आले बे ते बोलनारे."

पहिल्याच कार्यक्रमात मंडपवाल्यानं दोन्ही साउंड बॉक्स लोकांकडे तोंड करून लावले होते. मंचावर ठेका ऐकूच येईना. भाऊजी कडेला उभे होते, त्यांच्यापर्यंत थोडाफार पोचत होता. त्यांनी ह्यांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहातानं तो ठेका वाजवायला सुरुवात केली. ह्यांचं बोलून झालं तसे दोघांनी जागा बदलल्या आणि ह्यांनी भाऊजींच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हापासून तीच रीत झाली. पुढे चांगले स्पीकर आले, हेडफोन आले, ठेका थेट कानात पडायला लागला. हात मात्र राहिला. दुसऱ्या अल्बमच्या वेळी नागपूरच्या स्टुडिओतल्या माणसानं तक्रार केली होती, "भाऊ, कपड्याचा धपधप आवाज येऊन राह्यला." हे म्हणाले, "कपड्याचा नाई, मित्राचा आहे." त्यानं कशीबशी ती धपधप गाळली आणि गाणं ऐकवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ती परत घालायला लावली.

मग बरीच वर्षं काही निघालं नाही. आमची मुलगी मोठी होऊन पुण्याला गेली. भाऊजींनी दळायचं मशीन बदललं. नवी पोरं आली, चपळ, धारदार, मोबाइलवर लाखोंनी ऐकली जाणारी. एका कार्यक्रमात निवेदक मुलीनं ह्या दोघांची ओळख "आपले ज्येष्ठ कलावंत" अशी करून दिली. हे घरी आले ते हसतच. भाऊजींना फोन लावून म्हणाले, "ज्येष्ठ तं ज्येष्ठ. आता ज्येष्ठायसारखा अल्बम करू." तिथून तिसऱ्याला सुरुवात झाली.

त्यातली गाणी मी स्वयंपाकघरात ऐकली, एकेक ओळ करून. मला आधी वाटलं होतं, पन्नाशीला आलेली माणसं तरुणांसारखं ओरडायला जातील. तसं झालं नाही. एक गाणं होतं गुडघ्यांवर. एक बुधवारच्या बाजारात ओळखीचं कोणीच भेटत नाही, त्यावर. एक नुसतं ऑफिसातल्या खुर्चीवर. पहिल्या गाण्याची सुरुवात अशी होती:

केस गेले, दात गेला, आवाज नाई गेला,
बीपीची गोळी खाऊन गडी मंचावर आला.

"कसं वाटलं?" हे विचारायचे. मी ती ओळ माझ्या पद्धतीनं वाचून बघायची, वर्गात कविता वाचतात तशी, प्रत्येक शब्दाला बसायला जागा देत. हे कपाळाला हात लावायचे. "बाई, तुम्ही वाचूस्तोवर भात करपते."

ह्या अल्बमसाठी ते नागपूरला गेले नाहीत. गिरणीच्या मागे पोती ठेवायची खोली होती. भाऊजींनी तिच्या चारी भिंतींवर जुन्या कापसाच्या गाद्या टांगल्या. दुपारी गिरणी बंद असली की शांतता मिळायची, तेवढ्यात रेकॉर्डिंग. लॅपटॉप सांभाळायचं काम भाऊजींच्या बायकोकडे. आम्ही दोघी एकमेकींना जावा मानतो. जाऊबाईंनी ते मशीन महिनाभरात शिकून घेतलं होतं. "त्यात काय आहे ताई, लाल गोल दाबलं का सुरू, पुन्हा दाबलं का बंद. गिरणीपेक्षा सोपं."

हे उन्हाळ्यात गेले. ऑफिसला निघताना बुटाची लेस बांधायला खाली वाकले आणि उठले नाहीत. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही.

ह्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, सगळे आठवणी सांगत होते तेव्हा, भाऊजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. हजार माणसांपुढे एका दमात बोलणारा माणूस माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तो चांगला होता." मग थोडं थांबून, "लय चांगला होता." आणि खाली उतरला.

त्यानंतर दिवाळी जवळ आली तेव्हा जाऊबाईंचा फोन आला. "ताई, तुम्ही एक डाव या. हे रोज दुपारी त्या खोलीत जातात न् हात हालवत बाहेर येतात. काल जवारीचं पीठ गव्हाच्या डब्यात टाकलं. लोकं भांडून राह्यले."

"झालं काय पण?"

"ते आठवं गानं. यायच्याच्यानं होऊन नाई राह्यलं. आता म्हनतात, सातच काढतो, आठवं राहू देतो."

आठव्या गाण्यात ह्यांचा शेवटचा आवाज होता. मी तो ऐकलेला नव्हता. ते गाणं ह्यांनी मला स्वयंपाकघरात ऐकवलंच नव्हतं. सात गाणी निघाली असती आणि तो आवाज बोरीच्या एका लॅपटॉपमध्ये पडून राहिला असता. शिवाय भाऊजींचा तो भाग झाला नसता तर त्यांनी पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं, हेही मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली.

एसटीतून दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला दिसत होता. बोरीला उतरले तेव्हा गिरणी नुकतीच बंद झाली होती आणि भाऊजी भुवयांसकट पांढरे होते. मला बघून त्यांनी चेहरा पुसला, त्यानं पीठ आणखीच पसरलं.

चहा झाल्यावर मी सरळ विचारलं, "भाऊजी, अडतंय कुठं?"

"अडत नाई वहिनी. शब्द पाठ आहेत. तो होता तवाच जुळवलेले. त्यानं आयकले बी होते, याच खोलीत." ते जरा हसले. "म्हने, शेवटची ओळ लय गोड करून राह्यला, बदल ते."

"बदलली?"

"नाई बदलली."

"मग?"

जाऊबाई म्हणाल्या, "सांगा ना. ताईले नाई सांगनार तं कोनाले सांगनार?"

"ठेका कानात वाजते," भाऊजी म्हणाले, "पन पाठ रिकामी लागते. पहिली ओळ जाते. दुसरीले मी पुढं पळतो, ठेका मांगं राह्यते. कितीकदा केलं. पळतोच."

"मी ठेवून पाह्यला हात," जाऊबाई म्हणाल्या. "तं यायले गुदगुल्या!"

"हात कुठं ठेवला? बुक्क्या मारत होती."

"लग्न झाल्यापासून तुम्ही माह्यं कधी आयकलं का, तं माह्या हाताचं आयकान?"

खोलीत गेल्यावर मी म्हटलं, ह्यांचा भाग मला ऐकवा. जाऊबाईंनी लॅपटॉप उघडला. गाद्यांमुळे त्या खोलीत आवाज कुठंच आपटत नाही, थेट माणसापर्यंत येतो. हे जवळ उभं राहून बोलत असल्यासारखे बोलले:

तू दाने दळतं गड्या, मी कागदं दळतो,
तू पांढरा होऊन घरी जातं, मी पिवळा होऊन वळतो.
इतकं बोललो जनमभर आपुन भर चौकात,
कोनं आयकलं सांग मले, का गेलं सारं वाऱ्यात?

आणि ह्या सगळ्याखाली भाऊजींच्या तळहाताची धपधप. प्रश्नापाशी ह्यांचा आवाज संपतो. पुढे नुसता ठेका वाजत राहतो, उत्तराची जागा मोकळी.

मी जाऊबाईंना पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि लॅपटॉपवरून न उठता म्हणाल्या, "ताई, तुम्हीच ठेवा हात."

भाऊजी दचकले. "काय बोलून राह्यली तू? वहिनी हायत त्या."

"मंग? डॉक्टरीन नाई ठेवत पाठीवर हात? मी इथंच बसली आहे ना, लाल गोल दाबाले. कोनाले काही वाटाचं असन तं मले वाटाले पाह्यजे."

मला वाटत होतं, नाही असं नाही. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना नमस्कार केला होता, चहाचे कप दिले-घेतले होते. त्यापलीकडे स्पर्श नव्हता. बाहेर शटरपाशी बायका डबे ठेवून सावलीत बसल्या होत्या. कोणी आत डोकावलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. पण उत्तराची ती मोकळी जागा मी तीन वेळा ऐकली होती. मी उठले आणि भाऊजींच्या मागे जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, चालेल?"

त्यांनी मान हलवली. वळून पाहिलं नाही.

त्यांच्या शर्टवर पीठ होतं, खाली पाठ गरम. मी मोजून त्या जागी हात ठेवला, दोन खांद्यांच्या मधोमध. जाऊबाईंनी माझ्याही कानाला हेडफोन लावला. ठेका सुरू झाला आणि मी तो पकडायचा प्रयत्न केला. मला ताल नाही. समूहगीताच्या टाळ्याही माझ्या सगळ्यांच्या शेवटी पडतात. दोन ओळींत भाऊजी अडखळले आणि थांबले.

"वहिनी, तुम्ही लय मांगं राहून राह्यल्या."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या वेळी जाऊबाई हसायलाच लागल्या. "ताई तं थापटून राह्यल्या! जसं काही लेकराले निजवून राह्यल्या."

खरं होतं ते. माझ्या हाताला आयुष्यात एवढीच एक लय माहीत होती. आमची मुलगी लहानपणी झोपायची नाही, तिला मांडीवर घेऊन तासन् तास थापटलेलं. दुसरा कुठला ठेका हाताला कधी शिकवलाच नव्हता. मी हात काढून घेतला आणि म्हटलं, "राहू द्या भाऊजी, माझ्यानं नाही जमायचं."

भाऊजी तसेच पाठमोरे उभे होते. त्यांनी कानाचा हेडफोन काढून गळ्यात घातला. मग बायकोला म्हणाले, "मशीनचा ठेका बंद कर."

"बंद? मंग बोलान कशावर?"

"वहिनीच्या हातावर. वहिनी, तुम्ही थापटा. तुमच्या हिशोबानं. मी तुमच्यामांगं येतो."

जाऊबाईंनी ठेका बंद करून लाल गोल दाबलं. मी पुन्हा हात ठेवला. थापटायला लागले. आधी त्यांचा श्वास फक्त हाताखाली वर-खाली होताना कळत होता, आणि हळूहळू तो माझ्या हाताशी जुळत गेला. मग त्यांनी सुरुवात केली. ज्या ओळी ते एका दमात फेकायचे त्या एकेक करून ठेवायला लागले. प्रत्येक शब्दाला बसायला जागा मिळत होती. ते पळाले नाहीत.

अल्बम मोबाइलवर निघाल्यावर एका मुलानं गाण्याखाली लिहिलं, "शेवटचं गानं मधातच स्लो काहून होते? फाइल खराब आहे का?" भाऊजींनी मला फोन करून विचारलं, काही उत्तर लिहू का. आम्ही दोघांनी थोडा वेळ विचार केला आणि काही लिहिलं नाही. पण ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी भाऊजी शेवटच्या ओळींपाशी आले. हे ज्या ओळीला गोड म्हणाले होते ती मला तेव्हा पहिल्यांदा ऐकायला मिळाली.

दुसऱ्याचं मले ठाव नाई, माह्यं तेवढं सांगतो,
तू बोलला ते आयकलं गड्या. अजून आयकून राह्यलो.

आवाज मध्ये एकदा फाटला. ते थांबले नाहीत, मीही थांबले नाही. ओळ संपली. माझा हात चालूच राहिला. कधी थांबायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारा आता नव्हता. जाऊबाई लॅपटॉपवर बोट धरून बसल्या होत्या, दाबत नव्हत्या. बाहेर कोणीतरी शटर वाजवून ओरडलं, "ओ गिरनीवाले, दळता का नाई?"



मग भाऊजी न वळता, अगदी हळू म्हणाले, "वहिनी, झालं माह्यं."

"हो," मी म्हटलं, आणि आणखी थोडा वेळ थापटत राहिले.