साठेसाहेबांची टाकी गप्प करताना

मोठ्या टाकीचं काम घेतलं की किस्से काचेवरच्या शेवाळासारखे जमतात. एक बाजू पुसावी, तोवर दुसरीकडे धरलेलं असतं. डोंबिवलीत मनोजच्या माशांच्या दुकानातर्फे मी टाक्या बसवतो, म्हणजे माझ्याकडे थरच्या थर! त्यात ठाण्याच्या साठेसाहेबांचा थर जरा जाडच.

साहेब रिटायर्ड इंजिनियर. हॉलमध्ये सोफ्याएवढी टाकी. वरचं जास्तीचं पाणी पाइपातून खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत पडायचं आणि पंप ते परत वर चढवायचा. पडताना पाइप हवा ओढायचा. घळघळ, गुळगुळ, आणि मध्येच एक मोठा ढेकर!

साहेब म्हणाले, "निसर्गाचा आवाज आहे."

वहिनी म्हणाल्या, "मग निसर्गाला बाथरूममध्ये ठेवा."

*

वहिनींकडे भजनी मंडळ आलेलं. पाच मिनिटांत एकेक बाई उठून विचारायला लागली, "अगं, बाथरूम कुठेय?" सारखं पाणी ऐकून दुसरं काय होणार! अभंग एकच झाला, रांग मात्र हॉलपर्यंत आली.

वहिनींनी निकाल दिला, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळी बिल्डिंग येणार आहे. तोवर आवाज गेला नाही, तर टाकी जाईल."

साहेबांचं तोंड बघवेना.

*

मनोज दुकानाचा मालक, म्हणजे हुशार असणारच. त्याने पाइपात स्पंज कोंबला. आवाज बंद! पाणीही बंद. ते कडेवरून थेट गालिच्यावर आलं.

"पण आवाज गेला की नाही?" मनोज अभिमानाने म्हणाला.

वहिनी फडकं पिळत म्हणाल्या, "तुम्हीपण जा."

*

खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार गेली. सोसायटीचे सेक्रेटरी आले, टाकीला कान लावून बसले, चहा घेतला, खूप विचार केला. संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगला मेसेज: "सभासदांनी फ्लश सतत चालू ठेवू नये." लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे संशयाने बघायला लागले!

*

शेवटी साहेबांनी व्हिडिओ बघून तीन पाइपांचं डिझाइन काढलं. पहिला पाण्याने गच्च भरलेला, हवेला जागाच नाही. दुसऱ्यातून उरलेली बारीक धार. तिसरा कोरडा, अडीअडचणीला. डिझाइन चोख होतं, मी जोडलं. पण पहिल्या पाइपाचा वॉल्व्ह साहेब गॅसच्या बटणासारखा फिरवायचे. जास्त उघडला की ढेकर, कमी केला की पाणी काठाला.

"साहेब, केसभर फिरवा आणि बसा."

"किती वेळ बसायचं, मामा?"

"रिटायर झालात ना? तेवढा."

हळदीकुंकवाच्या आदल्या दुपारपर्यंत आम्ही दोघं फिरवत बसलो. मग एकदम हॉलमधला पंखा ऐकू आला. टाकी गप्प!

*

हळदीकुंकू झालं. एकाही बाईने बाथरूम विचारलं नाही. टाकी वाचली. साहेबांनी मला तिळगुळाचा अख्खा डबा दिला.

दोनचार दिवसांनी त्यांचा फोन, अगदी दबक्या आवाजात. "मामा, थोडा आवाज परत आणता येईल का? थोडासाच."

"का हो? वहिनी खूश नाहीत?"

मागून वहिनीच कडाडल्या, "मामा, वॉल्व्हला हात लावायचा नाही हं! रोज सकाळी टाकीपुढे बसून हे माशांना माझ्याबद्दल काय काय सांगतात, ते आत्ता कुठे स्वयंपाकघरात ऐकू यायला लागलंय!"

साहेब नुसतं खाकरले. मग परत वहिनी.

"अहो, थांबलात का? बोला ना पुढे. मासे वाट बघतायत!"