कॉकपिटखालचं लिंबू

ग्रुपवरच्या वैमानिकांनो, आज किन्हवलीत माझं विमान उतरलं.

माझ्या खोलीतलं सिम्युलेटरचं कॉकपिट तुम्ही फोटोत पाहिलंय. शहापूरच्या भंगारातली बसची जुनी सीट, प्लायवूडचं पॅनल, समोर कॉम्प्युटर, पायाशी ब्रेकचे पेडल. पण आजवर प्रत्येक लँडिंगला मी आपटलो होतो. त्यात वडिलांनी सकाळीच बजावलं, "सांजच्याला भाताची पोती येनार. तवर इमान उतरलं नाय, तर खोली भाताला."

दुपारी मी सीटवर बसलो, तर आई हळदकुंकू घेऊन हजर. "नवी गाडी ना ही? मग चाक कुठं हाय रे?" चाक नाही म्हटल्यावर तिने सीटच्या मागच्या पायांना मागून टेकवून दोन लिंबं ठेवली. मला हसू आलं.

पडद्यावर मुंबईची धावपट्टी दिसली. विमान टेकलं आणि मी दोन्ही पायांनी ब्रेक असा दाबला की अख्खी सीटच मागं सरकली. विमान मात्र धावपट्टीवर सरळ उभं राहिलं. पहिल्यांदाच.

दारातून बघणारे वडील आत आले. आईने वाकून खाली पाहिलं. दोन्ही लिंबं चिरडली होती.

"बघा, चालली त्याची गाडी," ती वडिलांना म्हणाली. "आता पोती पडवीत लावा."

पोती पडवीत लागलीत. बिनचाकाच्या गाडीखाली लिंबू चिरडणारं तुमच्यात आणखी कुणी आहे का?