झिऱ्याची राखण

डोळखांबच्या वरच्या अंगाला इतका पाऊस पडे, की शहापूरच्या कचेरीतल्या पाऊस मोजायच्या भांड्याला विचारलं असतं, तर तिथे टंचाई असणं शक्यच नव्हतं. आश्विनात ते भांडं आत उचलून ठेवत. पाणीही साधारण तेव्हाच डोंगर उतरून जाई. काळ्या कातळावर थांबणार कुठे? होळीला ओहोळ आटे आणि पाड्याला उरे उंबराखालचा एक झिरा, खडकाच्या चिरेतून पाझरणारा.

तो रोज उपसावा लागे. पाणी साचू दिलं, तर चीर गाळाने बुजते आणि पाणी दुसरी वाट धरतं. भात झोडून झालं की पाडा गवताच्या वखारींवर कामाला जाई. त्या दिवसांत एकाने मागे राहून झिरा उपसायचा, अशी पाळी होती. धोंडीबाईचा नवरा वारला आणि पाळी तिच्यापाशी येऊन थांबली. तसं कोणी ठरवलं नव्हतं. तिला तरी कुठे जायचं होतं?

रोज सकाळी ती पाड्याला पुरेल एवढं पाणी उपसून उंबराच्या बुडाशी ओती. बोलायला कोणी नसे, म्हणून पाड्यातली भांडणं त्या उंबराला सांगे, दोन्ही बाजूंनी.

इंग्रज सरकारची लढाई सुरू झाल्याच्या पुढच्या वर्षी बहीण बाईजाने आपल्या गावी, म्हशाच्या जत्रेला बोलावलं. धोंडीबाई गेली. जत्रा उठली, तशी ती निघायचं म्हणाली.

"ऱ्हा गो अजून," बाईजा म्हणाली. "तुझा झिरा काय पळून जातोय?"

ओटीवर माणसं होती, गप्पा होत्या. ती राहिली.

परतली तेव्हा झिरा काठोकाठ भरलेला, वर पाचोळा. उपसला, पुन्हा भरला नाही. खुरप्याने चीर कोरली, तरी कोरडीच. उतार धरून खाली जाता करवंदीच्या जाळीत ओल सापडली, रानडुकरांनी लोळून चिखल केलेली. तिने ती साफ केली, दगड रचले, रोज उपसली. पाणी धरलं. फक्त पाड्याला आता उभी चढण पडणार होती.

लोक परतेपर्यंत ती उत्तर जुळवत होती. आधी ताप आला म्हणणार होती. शेवटी खरंच सांगायचं ठरवलं.

पाड्याचा कारभारी जयराम जुना झिरा बघून आला, नवा बघून आला.

"पानीच ते," तो म्हणाला. "सरकलं."

बायकांनी हंडे उचलले आणि नवी वाट धरली. तू कुठे होतीस, हे कोणीच विचारलं नाही.

धोंडीबाई उंबराखाली जाऊन बसली आणि जुळवलेलं उत्तर त्याला सांगितलं, बाईजाच्या ओटीसकट. दुसऱ्या दिवसापासून खालून एक हंडा ती त्याच्यासाठी वर आणू लागली.